जुन्या गाडीच्या पाच तक्रारी आणि एक संशय

प्रश्न थोडक्यात असा: मी बडोद्यात मांजलपूरला राहतो. मार्चमध्ये एका डीलरकडून २०१८ची पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ९० हजारांना घेतली. मीटरवर ५२,००० किलोमीटर होते. चार महिन्यांत चेक इंजिनचा दिवा लागला. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. एसीचा ब्लोअर मनात आलं तर चालतो. डावीकडची पॉवर विंडो अडकते. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि साठच्या पुढे गेलं की चाकातून घुमल्यासारखा आवाज येतो. एका मेकॅनिकने कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारा भाग) बदलली, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी साफ करून नवी बॅटरी टाकली. १८,००० गेले, फरक शून्य. तिसरा म्हणतो इंजिन खोलायला लागेल, ४५,००० धरा. डीलर म्हणतो, जुनी गाडी आहे, असं होणारच. दुरुस्त करू की विकून टाकू?

उत्तर:

आजपासून या गाडीत एकही नवा पार्ट टाकू नका. दुरुस्त करायची की विकायची हेही आत्ता ठरवू नका. आत्ता एकच ठरवायचं आहे: या पाच तक्रारी वेगवेगळ्या आहेत, की एकाच कारणाच्या पाच तक्रारी आहेत?

मी मकरपुऱ्यात गॅरेज चालवतो, त्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फ्लोअरवर होतो. तुमची यादी वाचताना माझं लक्ष इंजिनाकडे गेलंच नाही, ब्लोअर आणि पॉवर विंडोकडे गेलं. इंजिन मिसिंग मारतं, म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटत नाही, त्याला पन्नास कारणं असतात. पण मिसिंग, ब्लोअर, काच, उतरणारी बॅटरी आणि चाकाचं बेअरिंग हे सगळं ५२,००० किलोमीटरच्या गाडीत एकाच हंगामात बिघडत असेल, तर बडोद्याचा कुठलाही जुना मिस्त्री आधी विचारेल, ही गाडी पाण्यात होती का?

ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्री नदीने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५च्या वर गेलं होतं. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, किती नावं घ्यायची. त्याआधी ३१ जुलै २०१९ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडून शहर असंच बुडालं होतं. सोसायट्यांत शिरलेल्या मगरींचे व्हिडिओ देशभर फिरले. बेसमेंटमधून क्रेनने ओढून काढलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही. काहींचा विम्यातून टोटल लॉस झाला: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी पैसे देऊन मोकळी होते आणि गाडी सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे मोडीत विकायला जाते. काही मालकांनी स्वतःच वाळवल्या, धुतल्या, चालवल्या. या दोन्ही प्रकारच्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत. बऱ्याचशा बाजारात परत आल्या, इथेही आणि दुसऱ्या गावांतही.

माझा संशय चुकीचा असू शकतो. म्हणून आधी तपासा. यातलं बरंचसं तुम्हीच पार्किंगमध्ये अर्ध्या तासात करू शकता, फक्त एक टॉर्च हवा.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, अगदी थांबेपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा एरवी रिळातच असतो, त्यामुळे गाडी धुणाऱ्यांचा हात तिथे पोचत नाही. त्यावर मातकट आडवी रेघ दिसली, किंवा पट्टा ताठ आणि खरखरीत लागला, तर पाणी निदान दोन दारांमधल्या खांबातल्या रिळापर्यंत आलं होतं. मग सीट पूर्ण मागे सरकवून रूळ बघा. वरवरचा गंज सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो, पण रुळाच्या आतल्या कोपऱ्यात आणि सीटखालच्या स्प्रिंगवर खपल्या धरल्या असतील तर तो साधा दमटपणा नव्हे. दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी दोन बोटांनी उचलली की कार्पेटची कड सुटते. खालच्या फेल्टमध्ये बोट घाला. बारीक, पिठासारखी गाळाची माती लागली की पुढचं काही विचारायला नको. ही माती बुटांची नसते, बुटांची माती वरच राहते. डिकीत स्टेपनी काढून तिचा खळगा बघा, हेडलाइटच्या आत फिकट आडवी रेघ आहे का बघा, आणि डॅशखालचा फ्यूज बॉक्स उघडून तांब्याच्या पायांवर हिरवट थर आहे का बघा.

दुर्गंधीवर विश्वास ठेवू नका. परफ्यूमने ती महिना-दोन महिने सहज झाकता येते. उलट, सात-आठ वर्षांच्या गाडीत सीट कव्हर, रूफ लायनिंग आणि फूटमॅट तिन्ही कोरे करकरीत असतील तर मी जास्त सावध होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि एअरबॅगचा दिवा बघा. तो लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागून तसाच राहिला तर दोष आहे. पण तो मुळीच लागला नाही, किंवा ऑइलच्या नाहीतर बॅटरीच्या दिव्याबरोबरच लागतो-विझतो, तर कुणीतरी मुद्दाम काहीतरी केलंय. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरच्या पुढे, बोगद्यासारख्या उंचवट्यावर जमिनीलगत असतो. गाडीत फूटभर पाणी शिरलं की तो भिजतो. नवा महाग पडतो म्हणून दिवाच बंद करून टाकणारे लोक आहेत. हे आढळलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तोवर मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना घेऊन हायवेला जाऊ नका.

पाणी आत गेल्यावर गाडी लगेच का मरत नाही, महिन्यांनी का रडायला लागते, हे समजून घेतलंत तर कुठला मेकॅनिक खरं बोलतोय तेही कळेल. वायरच्या टोकाला कनेक्टर असतो, आत तांब्याच्या बारीक तारांची वेणी. पाणी त्या वेणीतून वातीसारखं प्लॅस्टिकच्या आत चढतं. बाहेरून वायर कोरडी, आतून तांबं हळूहळू हिरवं पडत जातं. रेझिस्टन्स वाढतो, पण सारखा नाही: उन्हात वेगळा, दमट सकाळी वेगळा. म्हणून ब्लोअर ‘मनात आलं तर’ चालतो. कॉइल बदलूनही मिसिंग गेलं नाही याचंही एक कारण हेच असू शकतं, नव्या कॉइलला जुनाच सडलेला कनेक्टर लावला असेल.

बॅटरीचंही तसंच. नवी बॅटरी टाकूनही उतरते, म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. गाडी लॉक केल्यावर तिचे छोटे कंट्रोल युनिट थोड्या वेळाने झोपी जायला हवेत. एखादा ओलसर युनिट किंवा दाराचा स्विच त्यांना जागं ठेवतो. ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगा, निगेटिव्ह वायरमध्ये मीटर लाव, गाडी लॉक कर, अर्धा-पाऊण तास हात लावू नकोस, मग आकडा वाच. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला आकडा पडतो तिथे चोर. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक बॅटरी विकून मोकळे होतात. अर्धा तास न थांबता लगेच मोजलं तर आकडा खोटाच येणार, तेवढं लक्ष ठेवा.

घुमणाऱ्या आवाजासाठी रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगात हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे झुकवा. डावीकडे वळवताना आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, आणि याच्या उलट. वळवून काहीच फरक पडत नसेल तर आधी टायरवर हात फिरवून बघा. चढउतार लागले तर आवाज टायरचाही असू शकतो. टायरच्या कडेचा चार आकडी कोडही वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २०१८च्या गाडीला मूळचेच टायर असतील तर ते रबर नसून आठवण आहे.

आता इंजिन. इथेच ४५,०००चा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पाण्यात बुडालेली गाडी वाळण्याआधी कुणी सेल्फ मारला, तर एअर फिल्टरमधून सिलेंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टनखाली सापडतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरता वाकला तर इंजिन तिथेच जाम होतं, ते बरं म्हणायचं, निदान लपत नाही. पण कधीकधी तो किंचितच वाकतो. इंजिन सुरू होतं, चालतं, विकलंही जातं. फक्त त्या एका सिलेंडरचा पिस्टन वर पूर्ण पोचत नाही, तिथलं कॉम्प्रेशन (दाब) कमी राहतं आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, गाडी थरथरते. असा रॉड पुढे कधीतरी तुटून ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. तुमचा तिसरा मेकॅनिक लबाड असेलच असं नाही, कदाचित त्याला हेच दिसलं असेल. पण त्याने तुम्हाला आकडे दाखवले का? नसतील तर इंजिन खोलायला ‘हो’ म्हणू नका.

आकडे म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. एकेका सिलेंडरला गेज लावून सेल्फ मारायचा. तुमच्यासारख्या पेट्रोल इंजिनाला साधारण १५० ते २०० पीएसआयमध्ये आकडे येतात. मूळ आकडा किती यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत का ते जास्त महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांनी खाली असेल तर त्या सिलेंडरमध्ये गडबड आहे. मग त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चांगला वर चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह, हेड पॅकिंग किंवा वाकलेला रॉड.

या तिघांत फरक करायला आणखी एक परीक्षा आहे, जी फार थोडे जण करतात. सिलेंडरमध्ये बाहेरून हवा भरून किती गळते ते बघायचं. व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग गेलं असेल तर हवा गळते, आणि कुठून फुसफुसते तेही ऐकू येतं: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. पण कॉम्प्रेशन कमी आणि तरीही हवा गळत नाही, असं आलं तर रॉडवर बोट ठेवा. खात्री करायची असेल तर प्लगच्या भोकातून पातळ सळी टाकून, प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर असताना तो किती खोल आहे ते मोजतात. चारांत एकच खाली बसलेला मिळाला की वाद संपला. हे सगळं इंजिन न खोलता होतं. मजुरी हजार-दोन हजारांत बसायला हवी. ४५,०००च्या आधी एवढं केलंच पाहिजे.

गाडीत पाण्याची काहीच खूण सापडली नाही तर? गुजरातेत मला दुसरा संशय सीएनजीचा येतो. विकण्याआधी किट काढून गाडी ‘प्युअर पेट्रोल’ म्हणून दाखवणं इथे चालतं. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. मग डिकीच्या पत्र्यात बुजवलेली भोकं, इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर) रबराने किंवा बोल्टने बंद केलेली चार छिद्रं, बॉनेटखाली कुठे न जाणारी एखादी जादा वायर, हे शोधा. मिळालं, तर ५२,०००वरही माझा भरवसा राहणार नाही, कारण सीएनजी लोक जास्त चालवण्यासाठीच लावतात. वर्षानुवर्षे गॅसवर पळवलेल्या आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) कधीच न केलेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो, टॅपेटची फट संपते, आणि गरम झाल्यावर तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. थंड असताना गाडी बरी, गरम झाल्यावर सिग्नलला थरथर. तुमची थरथर सकाळी कमी आणि दुपारी जास्त असेल तर हे आधी बघा. वेळेत पकडलं तर टॅपेट सेटिंगवर भागतं, उशीर झाला तर हेडचं काम. बोअर-पिस्टनला हात लावायची गरज नाही.

दोन्ही नसेल तर साधा क्रम आहे. स्कॅनर लावला की कुठला सिलेंडर मिसिंग मारतोय ते कोड सांगतो, पी ०३०१ ते पी ०३०४, शेवटचा आकडा सिलेंडरचा. त्या सिलेंडरची कॉइल शेजारच्याला लावा. कोड शेजारी गेला तर कॉइल, नाही गेला तर प्लगची तशीच अदलाबदल, मग इंजेक्टर. फुकटची परीक्षा आहे. पहिल्याच दिवशी झाली असती तर तुमच्या १८,०००मधले काही वाचले असते.

स्कॅनरवरून आठवलं. कोडबरोबर आणखी एक आकडा मागा: कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. हा आकडा बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये) असतो आणि हजार-बाराशेच्या ब्लूटूथ स्कॅनरवरही वाचता येतो. मार्चमध्ये ताबा घेताना हे बघितलं असतं आणि आकडा ‘१४ किलोमीटर’ आला असता, तर दिवा कोणी विझवला ते तिथेच कळलं असतं. आता मधे दोन मेकॅनिकनी कोड पुसले असतील, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही. पण पुढची गाडी घेताना हा आणि ‘रेडिनेस मॉनिटर’ (कोड पुसल्यावर गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते) दोन्ही बघा. मॉनिटर ‘इनकम्प्लीट’ असतील तर विकणाऱ्याला सांगा की गाडी दोन दिवस चालवून परत आणतो, मग बोलू.

कागदांकडे येतो, कारण पाण्याची खूण सापडली तर ही लढाई पान्याने कमी आणि कागदाने जास्त लढायची आहे.

गाडीचा चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि सर्व्हिस हिस्टरी मागा. काही जण छापून देतात, काही स्क्रीनवर दाखवतात. दोन गोष्टी बघा: किलोमीटर सतत वाढत गेलेत का, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४मध्ये गाडी टो करून आणल्याची नोंद आहे का. मग आधीच्या मालकाच्या विमा पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ बघा. तो पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० असा चढतो. एकाच मालकाकडे २०१८पासून असलेल्या गाडीचा बोनस मधेच शून्यावर येऊन परत २०वरून सुरू झालेला दिसला, तर त्याआधीच्या वर्षात क्लेम झालाय. कसला, हे विमा कंपनीला लेखी विचारा. मालक बदलला असेल किंवा विम्यात खंड पडला असेल तरी बोनस शून्य होतो, म्हणून आरसीवरच्या तारखा सोबत ठेवूनच निष्कर्ष काढा.

विमा आणि आरसी तुमच्या नावावर झालेत ना? हे तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारतो. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीकडे बदलीसाठी अर्ज करावा लागतो, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आरटीओला घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घेणं आणि गाडी डीलरच्या ताब्यात आल्याचं फॉर्म २९-सीने आरटीओला कळवलं जाणं नियमात आहे. तुमच्या डीलरने हे केलंय का ते विचारा. केलेलं नसेल तर तुमच्या पत्रात एक चांगलं वाक्य वाढलं.

पत्र म्हणजे खरंच पत्र, स्पीड पोस्टाने. दुकानात जाऊन आवाज चढवू नका. ‘थई जशे, जोई लईशुं’ ऐकून परत याल आणि हातात काहीच राहणार नाही. फोनवरचं बोलणं झाल्यावर तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. गाडीची जाहिरात अजून कुठे दिसत असेल तर स्क्रीनशॉट घ्या, ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट, सिंगल ओनर, टॉप कंडिशन’ असलं काही लिहिलेलं असतं. पैसे दिल्याच्या पावत्या, दोन्ही मेकॅनिकची बिलं, बदललेली जुनी कॉइल, सगळं जपा. यापुढे कुठलाही पार्ट काढला की जुना परत मागायचा. आणि मुख्य म्हणजे कार्पेट उचलून गाळ धुण्याआधी, कनेक्टर साफ करण्याआधी, फोटो आणि व्हिडिओ घ्या, आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून, शक्यतो विम्याचं सर्व्हेचं काम करणाऱ्या परवानाधारक सर्व्हेयरकडून, लेखी अहवाल घ्या. आधी दुरुस्ती आणि मग तक्रार असं केलंत तर दाखवायला पुरावाच उरत नाही.

डीलर धंदा म्हणून गाड्या विकतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला लागू होतो. तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे बडोद्याच्याच जिल्हा आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून बघा. काही डीलर तेवढ्यानेच बोलायला तयार होतात. ‘जशी आहे तशी घेतली’ या कागदावर तुमची सही असेल तरी घाबरू नका. माहीत असलेला दोष मुद्दाम लपवणं हा करार कायद्यात, १८७२च्या कलम १७खाली, कपटाचा प्रकार आहे, आणि त्या सहीने तो धुतला जात नाही. मात्र साधी झीज, म्हणजे क्लच, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, यासाठी भांडू नका. ४ लाखांच्या आतल्या गाडीत तो खर्च घेणाऱ्याचाच असतो, आणि आयोगापुढे अशा बारीकसारीक गोष्टी मांडल्यात तर मोठी गोष्ट हलकी होते. (गाडी डीलरऐवजी कुणा ओळखीच्या गृहस्थाकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा मिळाला नसता, दिवाणी दावाच करावा लागला असता. हे वाचणाऱ्या इतरांसाठी.)

मग दुरुस्त करायची की नाही? आकडे आणि खुणा हातात आल्यावर माझं उत्तर असं असेल.

पाणी फक्त फ्लोअरपर्यंत आलेलं आणि चारही कॉम्प्रेशन सारखी असतील, तर गाडी ठेवा. सीट काढून कार्पेट बाहेर, गाळ साफ, खालच्या सगळ्या कनेक्टरांना कॉन्टॅक्ट क्लीनर, सडलेली टोकं कापून नवी, ब्लोअर मोटर आणि बेअरिंग बदल. एका चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि तोच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवा. गिअर ऑइल काढून बघा, दुधाळ आलं तर पाणी तिथेही गेलंय, लगेच बदला.

पाणी डॅशपर्यंत चढलेलं असेल आणि एअरबॅगचं युनिट गेलेलं असेल, तर मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. सगळी ताकद डीलरला गाडी परत घ्यायला लावण्यात घाला. अशा गाडीचं वायरिंग पुढची वर्षं एकेक करून साथ सोडत जातं आणि प्रत्येक वेळी बिल तुमचं.

फक्त एक रॉड वाकलेला असेल आणि बाकी गाडी कोरडी असेल, असं कधीकधी साचलेल्या पाण्यातून जोरात गाडी काढताना होतं, तर इंजिन खोलणं रास्त आहे. तेव्हा तिसऱ्या मेकॅनिकला विचारा की ४५,०००मध्ये काय-काय आहे: रॉड आणि बेअरिंग तर आहेतच, क्रँक लेथवाल्याकडे तपासणार का, पॅकिंग सेट नवा का, बोअरला खरंच गरज आहे का. लेखी घ्या. तो ‘जुनं इंजिनच टाकू, स्वस्त पडेल’ म्हणाला तर इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद घेतल्याशिवाय हो म्हणू नका. इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करावी लागते, आणि कागद नसलेलं इंजिन चोरीचं निघालं तर अडकाल तुम्ही, मेकॅनिक नाही.

विकायचीच झाली, तर घेणाऱ्याला पाण्याचं लेखी सांगून विका. किंमत पडेल. पण तुम्हाला आता माहीत आहे, त्यामुळे न सांगता विकलीत तर कलम १७ तुम्हालाही लागू होतं, आणि आज डीलरच्या नावाने जे पत्र लिहायला सांगतोय तेच उद्या तुमच्या पत्त्यावर येऊ शकतं.

रविवारी सीटबेल्ट आणि कार्पेट बघा, फोटो काढा, मग कॉम्प्रेशन टेस्ट. तोवर गाडी शहरात हळू चालवायला हरकत नाही, फक्त उभी करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. थरथरताना इंजिनमधून धातूचा ठोका ऐकू आला तर मात्र तिथेच बंद करा आणि टो करून आणा.